वहिनी म्हणते "ते मारत नाहीत", पण मी भाऊबीजेला जे पाहिलं त्याचं काय करू?

दारव्ह्याची लेक

माहेर दारव्हा तालुक्यात, सासर मूर्तिजापूरकडे. भाऊबीजेला माहेरी गेले होते. कापसाच्या वेचणीला बाया साडीवर जुना शर्ट घालतात, तुम्हाला माहीतच आहे. वहिनी वावरातून आली, हातपाय धुतले, दिवेलागण झाली तरी शर्ट अंगातच. मी म्हटलं, काढ ना आता. तर म्हणाली, "राहू द्या बाई, थंडी वाजते." रात्री भांडी घासताना बाही वर गेली तेव्हा दिसलं. दंडावर चार बोटं उमटलेली, हिरवी-काळी.

विचारलं तर म्हणते, "ते मारत नाहीत व बाई. राग आला की हात धरतात फक्त."

मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. तिचा मोबाईल भावाच्या खिशात असतो. तिच्या आईचा फोन आला की स्पीकर लावून समोर बसतो. वेचणीची मजुरी तोच मोजून घेतो. लाडक्या बहिणीचे दीड हजार तिच्या खात्यात येतात, पण एटीएम कार्ड तिच्या हाती कधी आलंच नाही. भाजीत तेल जास्त झालं म्हणून त्यानं ताट अंगणात भिरकावलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. माहेरी जाते म्हटलं की एकच वाक्य, "जाय, पण पोरगं इथंच राहीन."

आईजवळ विषय काढला. ती म्हणाली, "तुह्या बापानं काय कमी मारलं मले? मी नांदलीच ना."

भावानं ओवाळणीत हजार रुपये टाकले. ते वहिनीच्या वेचणीचे होते हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या नोटा मोडायची हिंमत होत नाही, तशाच पाकिटात आहेत. माझा सख्खा भाऊ आहे तो. पोळ्याला मला खांद्यावर बसवून बैलं दाखवायला न्यायचा. हा हिंसाचारच आहे का? आणि ती स्वतः बोलत नसताना नणंदेला काही करता येतं का?

आशाताई, घाटंजीकडची

हो ताई, हिंसाचारच आहे. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. शिवीगाळ, अपमान, धमकी, शरीरसंबंधाची जबरदस्ती आणि बाईचा पैसा अडकवून ठेवणं, हे सगळं त्यात येतं. मजुरी काढून घेणं आणि लेकराचा धाक दाखवणं यावरूनच मला ओळखू आलं, दंडावरची बोटं तर नंतरची गोष्ट.

नणंदेला नक्की करता येतं. कलम 4 प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतं, चांगल्या हेतूनं कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. पण तिला विचारल्याशिवाय करू नका. तुम्ही सासरी निघून जाल, रात्र तिला काढायची आहे.

तिला घरात विचारू नका. आम्ही लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बोलतो, तिथं नवरे येत नाहीत. आणि "मारतो का?" असं विचारलं की बाई नाहीच म्हणते. "त्यांची भीती वाटते का?" असं विचारा आणि गप्प बसा. एक मात्र विचाराच, कधी गळा दाबला का? दाबला असेल तर जिवाला धोका आहे, दिवस घालवू नका.

शेतकरी_वणी

ताई, राग मानू नका. कोर्टकचेरीत घर मोडते. चार मोठी माणसं बसवा, भावाला समज द्या.

वर्ध्याची एक

दादा, माझ्यासाठी तीन बैठका बसल्या. तिन्ही वेळा त्यानं सगळ्यांसमोर माफी मागितली, चहा झाला, माणसं गेली. तिसऱ्या बैठकीच्या रात्री माझा हात मोडला. चारचौघांत मान खाली गेली त्याचा राग होता तो. बैठकीनं आमचं घर वाचलं नाही.

ताई, माझी चूक वहिनीला करू देऊ नका. पहिल्यांदा दवाखान्यात मी "पाय घसरला" म्हटलं, कागदावर तेच लिहिलं गेलं. दुसऱ्या वेळी खरं सांगितलं, तोच कागद पुढे कामी आला. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी सखी केंद्राचा पत्ता दिला. तिथं समुपदेशन, पोलीस, वकील, दवाखाना यांची मदत मिळते, काही दिवस राहताही येतं. पैसे लागत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

मग 2005 च्या त्याच कायद्याखाली कोर्टात अर्ज केला. निकालाला कायद्यात 60 दिवस लिहिलेत, मला अकरा महिने लागले, खोटं कशाला सांगू. पण कोर्टानं मला घराबाहेर काढू नये असा आदेश दिला. घर सासऱ्याच्या नावावर होतं, तरी. आज त्याच घरात राहते. लेकराच्या तात्पुरत्या ताब्याचाही आदेश याच अर्जात मागता येतो, वहिनीला हे आधी सांगा. तिला त्या एका धाकानंच बांधून ठेवलंय.

आधार, पासबुक, लेकराचा जन्मदाखला तुमच्या घरी आणून ठेवा. रात्री-बेरात्री काही झालं तर 112.

दारव्ह्याची लेक

परवा बाजाराच्या दिवशी गेले. वहिनीला बांगड्या भरायला म्हणून सोबत नेलं. आशाताईंनी सांगितलं तसंच विचारलं. खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रात्री गाडीचा आवाज आला की माह्या पोटात गोळा येते बाई. पोरगंही झोपल्याचं सोंग घेते." पोरगं सहा वर्षांचं आहे.

गळ्याचंही विचारलं. एकदा, म्हणाली.

ते हजार रुपये तिला दिले. तिनं घेतले नाहीत, म्हणाली तुमच्याजवळच ठेवा, गाडीभाड्याला लागतील. लेकराच्या ताब्याचं सांगितलं तेव्हा दोनदा विचारलं, खरंच का. कागद आता माझ्या पेटीत आहेत. केंद्रात दोघी जाणार, लेकराला घेऊन. गळ्याचं ऐकल्यावर मी थांबणार नाही. आईला सांगितलेलं नाही. कधी जाणार ते इथं लिहीत नाही.