नेपच्यून ब्रिटनच्या हातून गेला तो खरंच एअरीमुळे? पत्रं ओळीने वाचली की मला तसं वाटत नाही

उत्तराभाद्रपदा :
ही गोष्ट तुम्हीपण लहानपणी वाचली असेल. केंब्रिजचा जॉन अ‍ॅडम्स, वय २६, युरेनस म्हणजे आपल्या पंचांगातला हर्षल गणितात बसत नाही, तेव्हा त्याच्या पलीकडे अजून एक ग्रह त्याला ओढतोय असं मांडतो, तो ग्रह कुठे असेल तेही काढतो, आणि तो कागद घेऊन २१ ऑक्टोबर १८४५ ला ग्रीनविचला राजखगोलज्ञ जॉर्ज एअरीच्या दारात जातो. साहेब जेवायला बसलेत म्हणून नोकर त्याला परत पाठवतो. पुढे फ्रान्सचा लव्हेरिये तेच गणित करतो आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले आणि दारे हे दोघे खगोलज्ञ त्या जागेच्या एका अंशाच्या आत ग्रह शोधून काढतात. झालं, एअरी कायमचा खलनायक.

पण दुसरं पान कोणी सांगतच नाही. अ‍ॅडम्सने ठेवलेली चिठ्ठी एअरीने वाचली आणि ५ नोव्हेंबरला स्वतः पत्र लिहिलं, त्यात एकच प्रश्न होता, की युरेनसचं सूर्यापासूनचं अंतरसुद्धा चुकतंय, ते तुमच्या ग्रहाने सुटतं का. या प्रश्नाला अ‍ॅडम्सकडून उत्तर गेलंच नाही, महिनेच्या महिने. मग एअरीने काय करायचं होतं? आणि ज्या माणसाला काही लपवायचंय तो १३ नोव्हेंबर १८४६ ला लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत सगळी पत्रं तारखेसकट वाचून दाखवेल का? एअरीने दाखवली, स्वतःला अडचणीची होती ती पण. म्हणून मला वाटतं दोष अ‍ॅडम्सच्या गप्प बसण्याचा जास्त आहे.

आवकजावक :
अजिबात पटलं नाही. माझी ३१ वर्षं सरकारी ऑफिसात टपाल बघण्यात गेली म्हणून तळमळीने लिहितोय. वरच्या खुर्चीतल्या माणसाने प्रश्न विचारला आणि खालून उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र जातं, महिन्याने एक, मग अजून एक. एअरीसारखा माणूस, जो कागदाचा कपटासुद्धा टाकत नव्हता, ज्याची फाईल न फाईल आजही केंब्रिजला नीट लावून ठेवलीये, त्याला स्मरणपत्र माहीत नव्हतं? एक ओळ पुरली असती. पोरगा लाजाळू होता हे सगळेच सांगतात, मग मोठ्याने हात पुढे करायचा असतो ना.

दुसरं म्हणजे एअरीचं मत आधीपासूनच ठरलेलं होतं. १८३४ साली हसी नावाच्या पाद्र्याने त्याला लिहिलं होतं की युरेनसच्या पलीकडे काहीतरी असावं, शोधूया. एअरीने त्याला नाउमेद करणारं उत्तर धाडलं. १८३७ ला पॅरिसच्या बुव्हारलाही लिहिलं की असा न दिसणारा गोल असलाच तरी त्याची जागा सापडणं जवळजवळ अशक्य. अकरा वर्षं ज्याच्या डोक्यात हे पक्कं बसलंय तो दारात आलेल्या पोराचा कागद कोणत्या नजरेने वाचणार?

पाटीपेन्सिल :
आवकजावक काका, तुमचा मुद्दा कळतो पण त्या चिठ्ठीत काय होतं ते बघा ना. मी नववी-दहावीला गणित शिकवते म्हणून मला ती चिठ्ठी फार जवळची वाटते. एकच कागद, त्यात नव्या ग्रहाचं अंतर ३८.४ (पृथ्वी-सूर्य अंतर १ धरून), रेखांश ३२३ अंश ३४ मिनिटं, वस्तुमान, कक्षा किती लांबट आहे ते, आणि खाली वर्षावार युरेनसची चूक आता किती उरते त्याचे आकडे. बास. म्हणजे उत्तर आहे, रीत नाही! पोरांना आम्ही रोज सांगतो की रीत दाखवा, नुसत्या उत्तराला मार्क नाहीत, आणि इथे तर एका अख्ख्या ग्रहाचा प्रश्न होता. एअरीने रीतच तपासायचा प्रयत्न केला, त्याच्या मते ती खरी परीक्षा होती. अ‍ॅडम्सला प्रश्न किरकोळ वाटला. किरकोळ असेल तर चार ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हायचं की हो.

लव्हेरियेने काय केलं बघा. एअरीने २६ जून १८४६ ला त्यालाही सेम प्रश्न विचारला, त्याच्या उत्तरावर तारीख आहे २८ जूनची. दोन दिवसांत! आणि त्याचं गणित छापून आलेलं होतं, सगळ्यांपुढे.

जेवणाबद्दल पण एक. अ‍ॅडम्स त्या दिवशी न कळवता आला होता, आणि एअरीची बायको आठवड्याभरात बाळंत होणार होती. अशा घरात कोणी वेळ न ठरवता आला तर काय होतं ते आपण सगळे जाणतो, त्यात अपमान शोधू नये.

आवकजावक :
पाटीपेन्सिल ताई, बरं झालं २६ जूनचं पत्र तुम्हीच काढलंत. त्या पत्रात अ‍ॅडम्सचा उल्लेख नाही. एक शब्द नाही. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडच्या एका तरुणाने हेच काढलंय, जागाही जवळपास हीच आहे, हे लिहायला काय हरकत होती? लव्हेरियेला तेव्हाच कळलं असतं तर ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलज्ञ जॉन हर्शेलने लंडनच्या अथेनियम साप्ताहिकात अ‍ॅडम्सचं नाव घेतल्यावर फ्रान्समध्ये जो भडका उडाला, ब्रिटिश आमचा ग्रह चोरतायत म्हणून, तो उडाला नसता. तुम्ही रीत रीत म्हणताय, मग ही कुठली रीत, की एकाची चिठ्ठी फाईलला लावायची आणि दुसऱ्याला विचारताना पहिल्याचं नाव गाळायचं.

उत्तराभाद्रपदा :
हा मुद्दा जबरी आहे, यावर माझ्याकडे बचाव नाही, तिथे एअरी चुकला.

पण पुढचं पत्र बघा. ९ जुलैला तो केंब्रिजच्या वेधशाळेचा प्रमुख चॅलिस याला लिहितो की तुमच्या नॉर्दम्बरलँड दुर्बिणीने शोध घ्या (पावणेबारा इंची, ग्रीनविचला एवढी मोठी नव्हती), हवा तर माझा सहाय्यक पाठवतो. १३ जुलैला परत लिहितो की हातातलं जे काम थांबलं तरी बुडणार नाही त्या सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं. ज्याला ग्रह शोधायचाच नाही तो असं लिहितो का? बर्लिनच्या आधी दोन महिने हे झालंय आणि जगात तेव्हा दुसरं कोणी असा पद्धतशीर शोध घेतच नव्हतं.

वांगणीची अमावस्या :
तुम्ही लोक पत्रात अडकलात, दुर्बिणीला कोणी डोळा लावलाच नाही. ग्रह हुकला तो चॅलिसकडे. २९ जुलैला त्याने सुरुवात केली, हजारो ताऱ्यांच्या जागा टिपल्या, ४ ऑगस्टला नेपच्यून टिपला, १२ ऑगस्टला परत टिपला, आणि दोन्ही वेळा ओळखला नाही! १२ तारखेची यादी त्याने ३० जुलैच्या यादीशी ताडायला घेतली, ३९ तारे जुळले म्हणून पद्धत बरोबर आहे असं समजून तिथेच थांबला. ४९ वा नेपच्यून होता. दहा ओळी!!

तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. आम्ही वांगणीला ८ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) घेऊन रात्र रात्र बसतो, नेपच्यून पहिल्यांदा बघितला तेव्हा नकाशा, मोबाईल सगळं हाताशी असून मला पाऊण तास लागला, कारण तो ताऱ्यासारखाच दिसतो, मंद, निळसर, आणि मोठं भिंग लावलं तरी त्याची चकती आहे की हवा हलतेय ते ठरवता येत नाही. नंतर दुसऱ्या रात्री तो जागेवरून सरकलेला बघितला तेव्हाच खात्री पटली, अंगावर काटा आला होता. गालेकडे त्या भागाचा नुकताच छापलेला बर्लिन अकादमीचा नकाशा होता, एकजण तारे बोलत गेला दुसरा नकाशात बघत गेला, नकाशात नसलेला तारा निघाला की संपलं. चॅलिसकडे तो नकाशा नव्हता, त्याला स्वतःच नकाशा बनवत जायला लागत होतं. म्हणून मला एअरी की अ‍ॅडम्स हा वादच अपुरा वाटतो.

पाटीपेन्सिल :
सहमत, पण ४९ वा वाचून फार वाईट वाटलं.

कागदकपाट :
मी जुन्या कागदपत्रांच्या कामात आहे, म्हणून एका गोष्टीची आठवण करून देतो. आपण आज हे तारीखवार भांडू शकतोय ते नशीब. ग्रीनविचची नेपच्यूनची मूळ फाईल १९६० च्या दशकात गायब झाली आणि पुढची तीसेक वर्षं अभ्यासकांना मिळालीच नाही. संशय ऑलिन एगेन या खगोलज्ञावर होता, कारण ग्रीनविचला असताना एअरी आणि चॅलिसवर लिहायला त्याने ती घेतली होती, तो नाही म्हणत राहिला. १९९८ ला तो वारला आणि चिलीत त्याच्या सामानात ती सापडली, ग्रीनविचच्या इतर पुस्तकं-कागदांसकट शंभर किलोच्या वर ऐवज. ते सगळं केंब्रिजला परत आलं तेव्हा कुठे मूळ कागद परत बघता आले, आणि अ‍ॅडम्सची बाजू तेव्हापासून जरा कमजोरच झालीये, कारण त्याचे आकडे सारखे बदलत होते हे समोर आलं, २ सप्टेंबर १८४६ ला तो एअरीला परत नवे आकडे पाठवतोय.

आणि उत्तराभाद्रपदा, तुमच्या "उत्तर गेलंच नाही" मध्ये एक भर. अ‍ॅडम्सच्या घरच्या कागदांत, तिकडे कॉर्नवॉलला ट्रुरोमध्ये, १३ नोव्हेंबर १८४५ चं एक पत्र २००४ मध्ये सापडलं. एअरीच्या नावाने. म्हणजे प्रश्न आल्यावर आठवड्याभरात तो उत्तर लिहायला बसला होता, आपली रीतच समजावायला घेतली होती. अर्धवट सोडलंय, धाडलं नाही.

उत्तराभाद्रपदा :
हे मला नवीन आहे. म्हणजे प्रश्न किरकोळ वाटला असं तो नंतर म्हणाला तरी तेव्हा तसं नव्हतं तर. पाटीपेन्सिल, रीत लिहायला घेतली होती हो त्याने.

आवकजावक :
आणि पत्र अर्धं लिहून टेबलावर पडलंय, डिसेंबर गेला, जानेवारी गेला, ग्रीनविचहून काही नाही. मी ऑफिसात अशी किती अर्धी पत्रं बघितलीत, वरून एक स्मरणपत्र आलं की त्याच दिवशी पुरी होऊन टपालात पडतात. माझं मत होतं तेच आहे.