मदत हवी आहे: मटक्याच्या मोहावर बायबलमधलं छोटं वचन सांगा

पगार झाला की फोंडा मार्केटातून घरी येताना मटका लावायची ओढ जाम वाढते, रस्ता बदलायचा म्हटलं तर बस तिथेच थांबते. फादरांशी बोललोय, बायकोलाही माहीत आहे, त्यामुळे 'कुणाला तरी सांग' हा सल्ला नको प्लीज. 1 करिंथ 10:13 पाठ आहे पण ऐनवेळी ते लांब पडतं हो, अर्ध्यावरच मन पळतं. मत्तय 4 मध्ये येशू सैतानाला तिन्ही वेळा 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकातूनच उत्तर देतो, 8:3, 6:16 आणि 6:13, किती थोडक्यात आणि नेमकं! तसं पैशाच्या लोभावर चालता चालता म्हणता येईल असं एका ओळीचं वचन कुठलं, इब्री 13:5 चालेल की नीतिसूत्रांत याहून बरं आहे?