वालावरचा मावा आणि आजीची राख: तुमचे अनुभव लिहा

परसदार:
आज सकाळी कुंडीतल्या वालाचा शेंडा हातात घेतला आणि बोटं चिकट झाली. उलटून बघते तर काळा मावा, रस पिणारे ते बारीक किडे, देठ दिसेना इतके. एकदम आजी डोळ्यांसमोर आली. आमचं रायगडातलं गाव, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. पौषात दोन दिवस आभाळ आलं की आजी म्हणायची, "आता मावा पडायचा." मग पहाटे चुलीची चाळलेली राख सुपात घेऊन निघायची. दवात पानं ओली असतात तोवरच राख धरते, ऊन चढल्यावर गेलं तर सगळी खाली. मी मागे मागे, हात गारठलेले, नाकात राख. आता या गॅसच्या घरात राख कुठून आणू? तुम्ही काय करता? नुसतं औषधाचं नाव नको, काय झालं ते लिहा.

गच्चीवरून:
पाण्याची धार. पानाखाली एक हात धरायचा आणि खालच्या बाजूने जोरात मारायची. खाली पडलेला मावा फारसा परत चढत नाही. पण दोन दिवसांआड तीन-चार वेळा तरी करा. याची मादी नराशिवाय पिल्लं देते, तीही जिवंत, आणि आठवड्या-दीड आठवड्यात ती पिल्लं व्यायला लागतात. एकदा धुऊन भागत नाही.

मिरचीवाली:
साबणाचं पाणी मारणाऱ्यांनो, जपून. मी भांड्यांचं लिक्विड अंदाजाने ओतलं आणि भर दुपारी फवारलं. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा कागदासारख्या. अकरा रोपं गेली. आईने दिलेलं बी होतं हो, तिच्या अंगणातलं. फार रडले. आता लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, साबण फक्त तेल पाण्यात मिसळण्यापुरता, आधी एकाच फांदीवर मारून एक दिवस बघते. आणि संध्याकाळीच.

परसदार:
अगं, आईचं बी म्हणजे... परत मिळालं का?

मिरचीवाली:
मावशीकडे निघालं थोडं. यंदा लावलंय, चार उगवलेत 🙏

वारणाकाठ:
मावा म्हटलं की मला 2002 चा ऊसच आठवतो. लोकरी मावा. पानाच्या मागे पांढरी लोकर, वर काळी बुरशी, सरीतून आलं की बाबांचा सदरा पांढरा. उभ्या उसात फवारणार कसं? माणूस दिसत नाही आत. शेवटी तो आटोक्यात आला मावा खाणाऱ्या मित्रकिडींमुळे, डिफा आणि मायक्रोमस. डिफाच्या अळ्या असलेली पानं तोडून दुसऱ्याच्या उसात नेऊन लावायची. बाबा ती पानं डोक्यावरच्या पाटीत ओल्या फडक्याखाली जपून न्यायचे, अंडी न्यावीत तशी. तेव्हापासून आमच्या घरात किडा दिसला की आधी कोण आहे ते बघायचं, मग मारायचं.

कढीपत्ता:
वारणाकाठ, वाचून पोटात गोळा आला. मी नेमकं उलट केलं होतं. मावा असलेल्या फांदीवर काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, छोट्या मगरीसारख्या अळ्या. याच पानं खातात म्हणून एकेक चिमटीत धरून मारल्या. पुढच्या आठवड्यात मावा दुप्पट. मग कळलं, ती लेडीबर्डची पिल्लं, मावा खायलाच आलेली. अजून वाईट वाटतं.

गच्चीवरून:
सगळ्यांच्या हातून होतं ते, काकू. आणखी एक, माव्यात मधेच फुगलेले, तांबूस, न हलणारे दाणे दिसले तर ते ठेवा. त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी असते. तिची माशी झाली की ती पाठीला गोल भोक पाडून निघते आणि पुढचा मावा गाठते.

जास्वंदप्रेमी:
माझ्या जास्वंदीला पांढरं कापसासारखं आलंय, हाच का?

मिरचीवाली:
नाही, तो पिठ्या ढेकूण. कानकोरण्याचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून टिपा.

लेस्टरहून:
इथे ब्रॉड बीन्सवर अगदी असाच काळा मावा. शेजारच्या आजोबांनी शिकवलं, खालच्या शेंगा धरल्या की कोवळे शेंडे खुडून टाका, मावा तिथेच बसतो. खुडलेल्या चांगल्या शेंड्यांची मी लसूण घालून भाजी करते. चव थोडी आपल्या वालाच्या पाल्याची, डोळे भरून आले होते पहिल्यांदा.

चौलकर:
वालाचा विषय निघालाय आणि पोपटीचं, मडक्यात पाला घालून भाजलेल्या शेंगांचं, कोणी बोलत नाही? भामरूडचा पाला मिळतोय का कुठे? रविवारी मडकं लावायचंय.

परसदार:
चौलकर, पाला गावाकडून येतोय, देते. शेंगा मात्र तुमच्या 😊

वारणाकाठ:
परसदार ताई, मुंग्या बघा आधी. त्या गोड चिकट्यासाठी मावा राखतात, लेडीबर्डला हुसकावतात. कुंडी ताटलीतल्या पाण्यात विटेवर ठेवा. आणि युरिया दिला असेल तर थांबवा, लुसलुशीत फुटव्यावरच तो तुटून पडतो.

परसदार:
युरिया नाही, पण शेणखत जरा जास्तच झालं होतं. कुंडी विटेवर ठेवली. आत्ता टॉर्च घेऊन बघून आले, तिसऱ्या पानाखाली दोन मगरी आहेत. उद्या धार मारणार नाही.

कढीपत्ता:
नको मारूस गं. फोटो टाक.