गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पीएस४ ला नेट कसं न्यावं?

अशोकचौक_गेमर
नमस्कार मंडळी. घर तळमजला अधिक एक, आणि वर गच्चीत पत्र्याची खोली. फायबरचा डबा खालच्या हॉलमध्ये, प्लॅन १०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये मोबाइलवर ९० च्या आसपास स्पीड येतो. वरच्या खोलीत पीएस४ (प्लेस्टेशन ४) आहे (पहिलं, जाड मॉडेल). तिथं वायफायची एकच कांडी, स्पीड ४-५, आणि ऑनलाइन मॅच रंगात आली की खेळाडू जागच्या जागी थिजतात. पीएस४ च्या नेट टेस्टमध्ये नॅट (एकाच आयपी पत्त्यामागं अनेक यंत्रं चालवायची सोय) टाइप ३, म्हणजे सगळ्यात अडचणीचं, दाखवतं. दुकानदार रिपीटर घ्या म्हणतोय. घरात एक जुना डुअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) राउटर पडून आहे. स्लॅबला भोक पाडायला घरचे तयार नाहीत. मागच्या शेडमध्ये यंत्रमाग आहेत, त्याचा काही संबंध असेल का?

होटगीरोडकर
रिपीटर घेऊ नका दादा. खोलीत जिथं एकच कांडी येते तिथं तो लावला तर तेच अर्धमेलं सिग्नल पुढं ढकलणार. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर आधी ऐकतो, मग बोलतो, त्यामुळं स्पीड साधारण निम्मा होतो आणि पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) वरखाली होत राहतो. गेमला स्पीड फार लागत नाही, २-३ एमबीपीएसमध्येही मॅच चालते. पिंग मात्र एकसारखा पाहिजे.

दुसरं म्हणजे, तुमचं २०१३ चं पहिलं मॉडेल फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतं. ५ गिगाहर्ट्झ २०१६ च्या स्लिम आणि प्रोपासून आलं. म्हणजे वर कितीही भारी राउटर बसवला तरी वायफायवर हे मशीन शेजारपाजारच्या गर्दीतच अडकणार. त्यात दोन स्लॅबची सळई आणि वरून पत्रा. पत्रा लाटा आत येऊच देत नाही, परत फिरवतो.

उपाय एकच: खालून वर एक लॅन केबल न्या, वर जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरनं आलेलं नेट पुढं वाटणारा डबा) म्हणून लावा आणि पीएस४ त्याला वायरनं जोडा. पीएस४ चा लॅन पोर्ट गिगाबिटचा आहे, तिथं काही अडत नाही.

केबलवाला_जुळेसोलापूर
होटगीरोडकरांशी शंभर टक्के सहमत. स्लॅब फोडायची गरजच नाही. हॉलच्या खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढा आणि भिंतीनं सरळ गच्चीवर न्या. २०-२५ मीटरमध्ये भागतं, लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे.

केबल कॅट ६, पूर्ण तांब्याची आणि बाहेर वापरायची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास खपवतात. एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आतून पांढरी चकाकली तर परत करा. ती वाकवली की तुटते आणि कनेक्टरमध्ये सैल पडते. घरातली साधी केबल बाहेर लावाल तर आपल्या उन्हात आवरण तडकतं आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. पीव्हीसी पाइपात घातली तर उत्तमच. भिंतीला भोक पाडायचंच झालं तर बाहेरच्या बाजूला उतार ठेवा, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. लाइटच्या वायरपासून फूटभर लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

दोन्ही टोकांना रंग असे (कनेक्टरची खिटी खाली, डावीकडून): पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मुद्दाम फोडून ३ आणि ६ वर जाते. पुष्कळ जण जोड्या शेजारी शेजारी लावतात. टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागतात, पण लांब केबलवर डेटा गळतो आणि दोष कुठं आहे ते कुणाला सापडत नाही. पिळा कनेक्टरच्या अगदी जवळपर्यंत राहू द्या.

आणि हो, वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की केबल दोन्हीकडून काढून ठेवायची. गच्चीपर्यंत गेलेलं तांबं आहे ते.

अशोकचौक_गेमर
मनापासून धन्यवाद. जुन्या राउटरचं सेटिंग कसं करायचं? आणि लाइटच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टर मिळतात, ते चालतील का? केबलची कटकटच नको.

होटगीरोडकर
तुमच्याकडं पॉवरलाइन नकोच. मागाच्या मोटारी सुरू असल्या की वायरिंगमध्ये विजेचा गोंगाट शिरतो. शिवाय घरात थ्री फेज असेल आणि वरची खोली वेगळ्या फेजवर असेल, तर सिग्नल पोचता पोचत नाही. रात्री माग बंद असताना छान चालेल, दिवसा रडेल.

राउटरचं असं करा. आधी रिसेट मारा. खालच्या डब्याची केबल न जोडता नुसता लॅपटॉप जोडा आणि त्याचं पान उघडा. लॅनचा आयपी (घरच्या नेटवर्कमधला पत्ता) बदलून १९२.१६८.१.२ करा (खालचा डबा १९२.१६८.१.१ वर आहे असं धरून; आधी तपासा). दोघांचा आयपी एकच राहिला तर अख्ख्या घराचं नेट गडबडतं. वायफायचं नाव-पासवर्ड खालच्यासारखंच ठेवा, म्हणजे मोबाइल आपोआप वरचं पकडेल. चॅनेल मात्र वेगळा: खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. सगळ्यात शेवटी डीएचसीपी (यंत्रांना आयपी वाटायचं काम) बंद. आता खालून आलेली केबल लॅन पोर्टात खोचा, वॅन पोर्ट (बाहेरचं नेट आत घेणारा) मोकळा सोडा. वॅनमध्ये खोचली तर हा राउटर आपलं वेगळंच नेटवर्क थाटतो, दुहेरी नॅट होतं आणि टाइप ३ कधीच सुटत नाही.

पीएस४ वर सेटिंग्ज, नेटवर्क, सेट अप इंटरनेट कनेक्शन, लॅन केबल, ईझी. मग टेस्ट करा. टाइप २ आलं की पुरे, टाइप १ च्या मागं लागू नका.

केबलवाला_जुळेसोलापूर
एवढं करूनही टाइप ३ च आलं तर खालच्या डब्यात यूपीएनपी (गेमला लागणारे पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू आहे का बघा. ते चालू असेल तर डब्याच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर नॅट कंपनीकडं होतंय, घरात कितीही खटपट केली तरी फरक पडणार नाही. कस्टमर केअरकडं पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागा, त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात.

शिवाय पीएस४ ला कंपनीनंच ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगितलंय. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली त्याच्या कितीतरी वर जातं. राउटर पत्र्याला चिकटवून टांगू नका, कमरेच्या उंचीवर ठेवा, आणि दुपारी मशीन खाली आणा. हॉलमध्ये डबा शेजारीच आहे, तिथं दोन मीटरची केबल पुरते.