सांगलीच्या पोरांनी काउंट बेसीचं जॅझ वाजवावं की ‘शोला जो भडके’?

कृष्णाकाठ: आमच्या कॉलेजच्या बँडचा कार्यक्रम भावे नाट्यमंदिरात करायचं घाटतंय. निम्मी पोरं बँडवाल्यांच्या घरातली, गणपतीत आणि वरातीत वाजवून तयार झालेली. कान पक्का, नोटेशन कच्चं. बिग बँडला, म्हणजे जॅझच्या मोठ्या ताफ्याला, लागतात पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि जोडीला पियानो, गिटार, बास, ड्रम्स. आमच्याकडे सॅक्सोफोन तीन, ट्रॉम्बोन एकच, वर दोन युफोनियम (छोट्या ट्यूबासारखं पितळी वाद्य). माझं मत, शाळांसाठी छापलेल्या सोप्या श्रेणीच्या अरेंजमेंट, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिलेले कागद, घ्याव्यात. त्यात एरवी एकट्याने सुचेल तसा वाजवायचा सोलो लिहून दिलेला असतो, एखादं वाद्य कमी असलं तरी भागतं आणि पहिल्या ट्रंपेटला फार वर चढावं लागत नाही. बोला.

मिरजेचा तंबोरा: साफ असहमत. मिरजेत कुणी ‘विद्यार्थ्यांसाठीचा यमन’ शिकवलेला ऐकलाय का? पहिल्या दिवसापासून खराच यमन, फक्त तानांची घाई नाही. त्या सोप्या अरेंजमेंट निम्म्याअधिक बेचव असतात, ऐकणाऱ्यालाही कळतं. न्यूयॉर्कची ‘जॅझ ॲट लिंकन सेंटर’ ही संस्था १९९० च्या दशकापासून शाळांना जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या मूळ अरेंजमेंटच देते. तिथली पोरं वाजवतात, मग आपली का नाही?

कृष्णाकाठ: अहो काका, तिथे शाळेतच वाद्य हातात येतं, बँडचा तास असतो. आणि यमन एकटा गातो. इथे दहा-बारा जणांनी एकाच जागी श्वास घ्यायचाय.

बँडमास्तर: दोघंही सुरांची अवघड-सोपी मोजताय. खरी गोची लयीत आहे. नील हेफ्टीने अमेरिकन बँडप्रमुख काउंट बेसीच्या बँडसाठी लिहिलेलं ‘लिल डार्लिन’ बघा. कागदावर काहीच नाही असं वाटतं. हेफ्टीने ते जलद लयीत योजलं होतं, बेसीने संथ केलं आणि १९५७ साली तसंच रेकॉर्ड झालं. त्या लयीत आपली वरातीतली पोरं दुसऱ्या ओळीतच पळायला लागतील, लिहून घ्या. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या त्या झुलत्या चालीत, जोडीतला पहिला सूर लांब, दुसरा आखूड; लय वाढली की हा फरक कमी होत जातो. म्हणून मध्यलयीची चीज आधी घ्या, अतिसंथ आणि अतिद्रुत दोन्ही नंतर. ड्रमवाल्याला सांगा, हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. त्याचा पाय समेवरच पडणार, महिनाभर तरी.

ट्रॉम्बोनची चिंता नको. युफोनियमवर तो भाग निघतो, फक्त घसीट येत नाही. सॅमी नेस्टिकोच्या अरेंजमेंट शोधा; हा माणूस बेसीसाठीही लिहायचा आणि शाळांच्या बँडसाठीही. आणि झेरॉक्स मागत फिरू नका, पूर्ण संच विकत घ्या.

हळदपेठ: पण ऐकणार कोण? भावेत बसलेल्या काकूंना बेसी काय सांगणार? ‘अलबेला’ १९५१ चा. सी. रामचंद्र, आणि ट्रंपेटवर चिक चॉकलेट. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोवेकर वादकांनीच तर तो आवाज सिनेमात आणला. ‘शोला जो भडके’ घ्या, थेटर डोक्यावर घेतील.

मिरजेचा तंबोरा: मग ऑर्केस्ट्राच करा की, सांगलीत काय कमी आहेत? शिवाय त्याची बिग बँडसाठी अरेंजमेंट लिहिणार कोण?

हळदपेठ: मास्तर लिहितील.

बँडमास्तर: मास्तरांना मोकळा वेळ आहे, हे कुणी सांगितलं? एक लिहीन, शेवटच्या नंबरला. सुरुवात मात्र एलिंग्टनच्या ‘सी जॅम ब्लूज’ने करा. तंबोरेकाका, मूळ चीज आहे बरं का, तुमचीही तक्रार नाही. सगळी धून दोन सुरांची, प आणि सा. बारा बारचं (एक बार म्हणजे चार मात्रा) चक्र, त्यावर सोलो. पियानोचा सी म्हणजे ट्रंपेटच्या कागदावर डी, आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ए, हे तेवढं पोरांकडून घोकून घ्या.

मिरजेचा तंबोरा: हे चालेल. पण सोलो लिहून द्यायचा नाही.

कृष्णाकाठ: पहिल्या कार्यक्रमाला तरी लिहूनच देणार काका. तिसरा ट्रंपेटवाला स्टेजवर गप्प उभा राहिला तर त्याच्या घरचे मलाच विचारतील.

बँडमास्तर: चार बार लिहून द्या, पुढचे आठ त्याचे. आणि कुणाची किती चक्रं ते आधी ठरवा. वरातीतला ट्रंपेटवाला एकदा सुटला की हात करून थांबत नाही.