जुन्या कात्रणांची विषयवार सूची संगणकाकडून करून घेता येईल का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आमच्या वाचनालयातील स्थानिक इतिहासाची कात्रणे स्कॅन करून त्यांतील मजकूर संगणकात आणला आहे, परंतु ‘तळे’ असा शोध घेतल्यास ‘तळ्याकाठी’ किंवा ‘मासुंदा तलाव’ असा उल्लेख असलेली कात्रणे हाती लागत नाहीत. काय करावे?

उत्तर (वाशी): आधी शब्दांचे मूळ रूप शोधणारी पायरी हवी, कारण मराठीत सामान्यरूपामुळे ‘तळे’चे ‘तळ्या’ होते आणि नुसते प्रत्यय छाटून भागत नाही. त्यानंतर शब्दांना वजन द्यावे, म्हणजे शोधात कोणता शब्द किती महत्त्वाचा ते ठरवावे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेले तत्त्व आजही उपयोगी पडते: जो शब्द मोजक्याच दस्तऐवजांत येतो, तो नेमका दस्तऐवज शोधण्यास अधिक कामाचा. तुमच्या संग्रहात ‘ठाणे’ बहुतेक कात्रणांत असणार, म्हणून त्याचे वजन नगण्य, ‘मासुंदा’चे भरपूर.

उत्तर (कोपरी): ‘तळे’ आणि ‘तलाव’ एकत्र आणण्यासाठी समानार्थी शब्दांची यादी लागेलच, आणि ती जाणत्या ग्रंथपालाने तपासलेली असावी, असा माझा आग्रह आहे. वर्गीकरणासाठी काही कात्रणांना आधी हाताने विषय द्या. त्यांवरून शिकून संगणक उरलेल्यांचे विषय सुचवील. एका कात्रणाला अनेक विषय देण्याची मुभा मात्र ठेवा, कारण तलावात भराव टाकल्याची बातमी पर्यावरणातही हवी आणि नगररचनेतही.