वर्क परमिट म्हणजे पीआर (कायम राहण्याचा परवाना) नव्हे, कुणीतरी सांगा रे यांना

गंगापूर रोडकर
काल आपल्या नाशिकच्या गटात एकाने ठोकून दिलं, 'कॅनडाचं वर्क परमिट काढा, दोन वर्षं कळ काढा, पीआर आपोआप होतो.' खाली अंगठ्यांचा पाऊस. आपोआप? नोकरीच्या ऑफरचे गुण एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे पीआरसाठी गुणांवर निवड करणाऱ्या कॅनडाच्या पद्धतीतून, २५ मार्च २०२५ ला काढून टाकले. त्या ५० गुणांसाठीच तर एलएमआयए (परदेशी कामगार ठेवायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी) लाखोंना विकत घेत होते लोक. आता सीईसीत, म्हणजे कॅनडातल्या कामाच्या अनुभवावरच्या गटात, बसायचं तर वर्षभराचा अनुभव हवा, तोही टीईईआर ० ते ३ मधला (टीईईआर म्हणजे कामाची श्रेणी, ० सगळ्यात वरची, ५ सगळ्यात खालची). शिकताना केलेली नोकरी धरत नाहीत. तिथे शिकून झाल्यावरचं वर्क परमिट, पीजीडब्ल्यूपी, एकदाच मिळतं, फार तर ३ वर्षांचं.
माझ्या आतेभावाला इथल्या एका एजंटाने 'सुपरवायझर' म्हणून पाठवलं. गेल्यावर कळलं, किचन हेल्पर, म्हणजे टीईईआर ५. परमिट त्याच मालकाच्या नावाचं, सोडून जाणार कुठे? आत्याचे दागिने अजून बँकेत गहाण आहेत.

सातपूरचा सेटर
एक आतेभाऊ फसला म्हणून सगळ्यांनी घरी बसायचं का? आणि कॅनडा म्हणजे अख्खं जग नाही. माझा धाकटा भाऊ अंबडमध्ये डिझाइनला होता, आता जर्मनीत. ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना) बी१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना, ए१ म्हणजे अगदी सुरुवातीचं असेल तर २७. हा वर्क परमिटचाच रस्ता ना?

गंगापूर रोडकर
भावाकडे डिग्री आहे, पगाराची अट बसते. गटातल्या पोस्टीत 'बारावी पास चालेल' लिहिलं होतं. वाचलंत का, की नुसतेच भांडायला आलात?

द्राक्षबाग निफाड
तुम्ही शहरवाले कटऑफ मोजत बसा. आमची पोरं का जातात ते ऐका. पाच एकर बाग, बंगला, ट्रॅक्टर, तरी मुलगी मिळत नाही. तोच पोरगा कॅनडात गोदामात खोकी उचलू दे, महिन्याभरात दहा स्थळं! आमच्या शेजाऱ्याने त्यासाठी दीड एकर विकलं. पीआरचं कुणाला पडलंय, बायोडाट्यावर 'परदेशात' लिहिता आलं म्हणजे झालं.

इंदिरानगरची मावशी
आलं फिरून मुलींवरच! अवकाळीने बाग झोपली की कर्ज कुणाच्या डोक्यावर येतं? पहाटे डब्यापासून ते मजुरांच्या चहापर्यंत सगळं तिनेच करायचं, आणि सातबाऱ्यावर नाव नाही. नाही म्हणाली तर चुकलं काय?

द्राक्षबाग निफाड
सातबारा मागायचा आणि शेतात पाय टाकायचा नाही. वा.

इंदिरानगरची मावशी
दादा, जीभ सांभाळा. मी स्वतः पिंपळगावची आहे, कांद्याच्या चाळीत वाढलेय.

सातपूरचा सेटर
विषय पीआरचा होता ना? 😀

इंदिरानगरची मावशी
त्याच विषयावर येते. परदेशातलं स्थळ म्हणून उड्या मारणाऱ्या आईबापांनीही ऐकावं. कॅनडात कामगाराच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करता येणारं) २१ जानेवारी २०२५ पासून टीईईआर ०, १ आणि २-३ मधल्या ठरावीक कामांवरच मिळतं. खोकी उचलणाऱ्याची बायको काय करणार? एमकॉम झालेली मुलगी तळघरातल्या खोलीत बसून बर्फ बघणार. भाचीच्या मैत्रिणीचं हेच झालंय. सासरी सांगतात, 'सेटल आहे'.

द्राक्षबाग निफाड
हे मात्र कोणी बोललं नव्हतं. तरी भाव पडल्यावर आम्ही काय करायचं, हे कोणीच सांगत नाही.

सातपूरचा सेटर
गंगापूर रोडसाहेब, कॅनडापुरतं तुमचं खरं धरतो, खूश? पण तिथेही दार बंद नाही. एक्सप्रेस एन्ट्रीत फ्रेंच येणाऱ्यांसाठी निवडीची वेगळी फेरी असते, २१ मार्च २०२५ च्या त्या ड्रॉचा कटऑफ ३७९ गुण होता, सीईसीचे ५०० च्या वर. एलएमआयएला पैसे चारण्यापेक्षा फ्रेंच शिका.

गंगापूर रोडकर
बारावी पास पोराला फ्रेंच. बरं.

द्राक्षबाग निफाड
मग पोराचं फ्रेंच होईपर्यंत मुलगी थांबेल का, तेवढं मावशींना विचारा.

इंदिरानगरची मावशी
कशाला थांबेल? भाचीने स्वतःच फ्रेंचचा क्लास लावलाय.